जैतुनबी तांबं सोडत नाही

जैतुनबीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. वडाळा गावात त्यांच्या गल्लीला नळ त्याच वेळी यायचा आणि उजाडायच्या आत जायचा. ती पाणी भरायची, नमाज पढायची, भाकरी थापायची, नवऱ्याचा डबा झाकून ठेवायची आणि रस्त्यावर यायची. पाथर्डी फाट्यापर्यंत शेअर रिक्षा. तिथून अंबडचा कारखाना बराच लांब, पण ते अंतर ती पायी तोडायची. भाडं वाचवायला नव्हे.

"चाललं की बोटं गरम होतात, भाऊ," ती मला म्हणायची. "गार बोटांनी तार तुटते."

मला हे पटायला वेळ लागला. मग एका थंडीत मी मुद्दाम बघत राहिलो. बाकीच्या बायकांची तार सकाळी सकाळी तुटायची. हिची नाही.

मी गोटीराम. त्याच कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या भरायचो. तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. तिच्याकडून वेटोळं यायचं, मी त्यात लोखंडाच्या पातळ पत्र्या एकआड एक ठोकून बसवायचो. पत्री सैल राहिली की ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. तिचं वेटोळं जरा जरी फुगलेलं असतं तर माझी शेवटची पत्री शिरली नसती. इतक्या वर्षांत तिच्या वेटोळ्यावर मला हातोडी जोरात मारावी लागली नाही. यापेक्षा जास्त कौतुक मला करता येत नाही.

कारखाना लहान होता. पाण्याच्या टाकीला लावायचे डबे आम्ही बनवायचो. टाकी भरली की मोटर बंद, रिकामी झाली की चालू. डब्यातून तारा निघतात आणि टाकीत लोंबतात. पाणी तारेला टेकलं की डब्याला कळतं. आता भिंतीतून वीज येते दोनशे तीस व्होल्टची. पाण्यात सोडायला हवी बारा व्होल्टची. मधलं काम ट्रान्सफॉर्मरचं, आणि ट्रान्सफॉर्मर जैतुनबीच्या हातचा.

ती मूळची नांदगावची. कारखान्यात तिला खाला म्हणायचे, म्हणजे मावशी. लग्न होऊन नाशकात आली. जुन्या नाशकात एका मोटर दुरुस्तीच्या दुकानात झाडायला राहिली. झाडता झाडता वेटोळी करायला शिकली. कोणी शिकवलं नाही. उस्ताद जेवायला गेला की जळलेली मोटर उलटी सोडवत बसायची. कशी गुंडाळली होती ते उलगडताना कळतं, असं तिचं म्हणणं.

आमच्याकडं यंत्र पायाच्या पेडलवर चालायचं, तार मात्र हातानं द्यावी लागायची. पहिलं वेटोळं केसाइतक्या बारीक तारेचं. ती ढिली सोडली की थर घसरतात. ताणली की तारेवरचा लेप तडकतो. तडा डोळ्यांना दिसत नाही. सहा महिन्यांनी कोणाच्या तरी घरी धूर निघाला की कळतं. मग वर कागदाचे थर. मग दुसरं वेटोळं, जाड तारेचं, थोडक्या फेऱ्यांचं. या दोन तारा एकमेकींना कुठंही शिवत नाहीत. शिवल्या तर तो ट्रान्सफॉर्मर नव्हे, भंगार.

आणखी एक रीत होती. शेवटचा कागद चिकटवण्याआधी प्रत्येक बाई आपल्या रंगाचा सुती धागा आत ठेवायची. जैतुनबीचा हिरवा. कुसाबाईचा पिवळा. माल जळून परत आला की वरचा कागद फाडायचा. धागा सांगायचा कोणाचा हात. मग तो तुकडा त्या बाईच्या टेबलावर ठेवला जायचा. कोणी काही बोलायचं नाही. बोलायची गरज नसायची.

हिरवा धागा फार क्वचित परत यायचा. आला की ती डबा खात नसे. आधी ते वेटोळं सोडवायची.

आमचे डबे बसवणारा एक वायरमन होता, घोटीचा बहिरू. भातगिरण्या, बंगले, मळ्यातली घरं, सगळीकडं तोच. त्याची एक सवय होती. डबा बसवून झाला की बाही वर करायची, कोपरापर्यंत हात टाकीत घालायचा, पाण्यातल्या तारा मुठीत धरायच्या आणि घरमालकाला म्हणायचं, "बघा मालक, पोरंसोरं पोहली तरी काय होत नाय." गिऱ्हाईक तिथंच खूश. ही युक्ती त्याला आमच्या कारखान्याच्या मालकांनी, शेखरशेठनीच शिकवली होती. बहिरूनं बाकीच्या वायरमनना शिकवली. घोटी-इगतपुरीकडं हात घालून दाखवल्याशिवाय डबा विकलाच जात नसे.

मग तांबं महाग झालं.

तांबं आधीही महाग व्हायचं, पण या वेळी उतरलंच नाही. त्यात दुसऱ्या कोणाचा तरी हलका डबा बाजारात आला आणि आमची एक मोठी ऑर्डर गेली. शेखरशेठ वाईट माणूस नव्हता. पगार वेळेवर द्यायचा. पण ऑर्डर गेल्यापासून तो आमच्या टेबलांकडं बघायचा तेव्हा आम्हाला बघायचा नाही, तांब्याची रिळं बघायचा.

एके दिवशी दुपारी त्यानं सगळ्यांना बोलावलं. टेबलावर एक हिरवा बोर्ड ठेवला होता, विड्याच्या पानाएवढा. त्यावर दोन रेझिस्टर आणि बारीकसारीक सामान.

"खाला," तो जैतुनबीला म्हणाला, "हा बोर्ड हातात घ्या. आता तुमचा ट्रान्सफॉर्मर घ्या. सांगा, कुठला जड?"

"जड तर माझा सासराही होता," जैतुनबी म्हणाली. "घर त्याच्यावरच उभं होतं."

बाया हसल्या. शेठही हसला. मग त्यानं तेजस्विनी मॅडमना समजावून सांगायला लावलं. या आमच्या इंजिनिअर, सटाण्याच्या. वयानं लहान, पण टेबलाशी उभं राहून काम करणाऱ्या. त्यांनी जे आहे ते सांगितलं, गोडी लावून नाही.

"याला डिव्हायडर म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "एक मोठा रेझिस्टर, त्याच्याखाली एक लहान. दोन्ही एकाच दोरीत, दोनशे तीसच्या दोन टोकांमध्ये. मोठ्यावर बहुतेक सगळे व्होल्ट पडतात, लहानावर बारा उरतात. ते बारा आपण मधून काढून घ्यायचे."

"आणि मोठ्यावरचे जातात कुठं?" कुसाबाईनं विचारलं.

"उष्णता होते. फुकट जातात."

त्यांनी मीटर लावला. बारा दाखवले. मग त्याच दोन टोकांना एक छोटा बल्ब जोडला. मीटरचा आकडा धपकन खाली आला, बल्ब पेटलाच नाही. तोच बल्ब ट्रान्सफॉर्मरला जोडला, लख्ख पेटला, मीटर जेमतेम हलला.

"हा फरक," मॅडम म्हणाल्या. "ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो तेव्हा त्या बदल्यात जास्त करंट देऊ शकतो. डिव्हायडर फक्त जाळून कमी करतो. ओझं टाकलं की वाकतो. पण ट्रान्सफॉर्मरला बदलती वीज लागते. बॅटरीवर लावला तर तो काहीच देत नाही, उलट स्वतः जळतो. डिव्हायडर बॅटरीवरही चालतो. ज्याचं त्याचं काम आहे."

"आणि आपल्या सेन्सरला बल्बाएवढं लागतंच कुठं?" शेठ म्हणाला. "मुंगीएवढा करंट. मग दोन बोटं तांबं कशाला वाया घालवायचं?"

तेजस्विनी मॅडम म्हणाल्या, "सर, तारेचंही सांगते. ट्रान्सफॉर्मरमध्ये भिंतीची वीज आणि पाण्यातली वीज यांच्या तारा वेगळ्या आहेत. जे जातं ते लोखंडातल्या चुंबकातून जातं, तारेतून नाही. डिव्हायडरमध्ये एकच तार आहे. तिचं खालचं टोक न्यूट्रलला आहे तोवर पाण्यात बाराच. पिन उलटी लागली की तेच टोक फेज होतं, म्हणजे जिवंत तार. भिंतीची सगळी वीज थेट पाण्यात, मध्ये अडवणारं काहीच नाही. रिपोर्टमध्ये मी लिहिलंय हे."

"स्टिकर लावू," शेठ म्हणाला. "पिन सरळ लावा, असा. लाल अक्षरात."

मग त्यानं खरं काय ते सांगितलं. महिन्याभरात वाइंडिंग, म्हणजे वेटोळ्यांचं काम, बंद. बायांना बोर्डाच्या लाइनवर घेणार. आणि लाइनची प्रमुख जैतुनबी. पगार वाढणार, दिवसभर पेडल मारायचं नाही, खुर्चीवर बसून माल तपासायचा, पास झालेल्या डब्यावर आपला शिक्का मारायचा.

जैतुनबी म्हणाली, "सांगते."

नाही म्हणाली नाही, हे मला तेव्हा खटकलं. पण तिचं उजवं मनगट मी रोज बघत होतो. वर्षानुवर्षं तार देऊन ते सुजायचं, संध्याकाळी ती त्याला फडकं गुंडाळायची. खुर्ची कोणाला नको असते?

रविवारी मी वडाळ्याला तिच्या घरी गेलो. तिचा नवरा वसीम शिलाईचं काम करायचा, बोलका माणूस.

"गोटीरामभाऊ, तुम्हीच समजवा हिला," वसीम म्हणाला. "अल्लानं खुर्ची दिली, ही म्हणते पाटच बरा."

"मी नाही म्हटलंय का?" जैतुनबी चहा गाळत म्हणाली.

"हो तरी कुठं म्हटलंयस? तीस वर्षं तांबं गुंडाळतेय, भाऊ, आणि माझ्या घरात तांब्याची एक वाटी नाही. मी शर्टाला प्लास्टिकचं बटण लावतो. पूर्वी शिंपल्याचं लावायचो. शर्ट फाटला का? नाही फाटला."

"बटणानं माणूस मरत नाही," ती म्हणाली.

"रेझिस्टरनं मेलाय का कोणी?"

तिनं चहाची गाळणी बाजूला ठेवली. मनगट चोळत बसली. तिचं मन कुठं चाललं होतं ते मला दिसत होतं. शेठ म्हणतो स्टिकर लावू. लावेलही. लोक वाचतीलही. खुर्ची समोर असली की माणूस स्वतःला असं बरंच काही सांगू शकतो.

त्याच आठवड्यात बहिरू आला.

डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या बगलेत आमचा डबा. थेट जैतुनबीच्या टेबलाशी आला आणि डबा ठेवला.

"खाला, हा तुझा का?"

शेठनं आम्हाला न सांगता एक नमुना त्याला बसवायला दिला होता. बाहेरून डबा तोच, रंग तोच. आत बोर्ड. बहिरूला कोणी काही बोललं नव्हतं. घोटीजवळच्या एका मळ्यातल्या घरी, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर त्यानं तो बसवला. आता आपल्याकडं पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर कोणी चपला घालून चढत नाही. बहिरूनं चपला खाली काढल्या. टाकीच्या ओल्या कट्ट्यावर अनवाणी उभा राहिला. बाही वर केली आणि रोजच्यासारखा हात घातला.

"बघा मालक म्हनायला तोंड उघडलं," बहिरू म्हणाला, "आन् शब्दच निघंना. हात सुटंना. त्यांच्या सुनेनं पिन उपसली म्हनून वाचलो. खाली पडलो त्यात हात मोडला. पडलो ते बरं झालं, असं डॉक्टर म्हनला. मी म्हनलं तुमाला बरं, मला लय दुखतंय."

तो हसला. आम्ही कोणी हसलो नाही.

जैतुनबीनं पेचकस घेतला, डबा उघडला. आत बघितलं.

"माझा नाही," ती म्हणाली. "यात धागाच नाही. हा कोणाचाच नाही."

आवाज ऐकून शेखरशेठ बाहेर आला. बहिरूचा हात बघून त्याचा चेहरा उतरला, हे मी सांगितलं पाहिजे. दवाखान्याचा खर्च त्यानं तिथल्या तिथं कबूल केला. पण मग म्हणाला, "त्या घराचं वायरिंगच उलटं होतं ना? फेज-न्यूट्रल उलटे. यात डब्याचा काय दोष?"

"शेठ," बहिरू म्हणाला, "घोटीत सरळ वायरिंगचं घर दाखवा, जेवन मी घालतो."

"स्टिकर लावलं की—"

"मी शाळा सोडली ती वाचायचा कंटाळा आला म्हनूनच."

शेठ आत गेला. जैतुनबीनं तो डबा आपल्या टेबलाखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा कारखान्याच्या मधोमध प्लास्टिकची बादली होती, काठोकाठ पाणी. बाजूला दोन डबे, एक बहिरूचा, एक तिच्या हातचा. तेजस्विनी मॅडम आधीच उभ्या होत्या. बाया यंत्रं सोडून गोळा झाल्या होत्या.

शेखरशेठ आला. "हे काय?"

"शेठ, तुम्ही मला खुर्ची दिलीत," जैतुनबी म्हणाली. "डब्यावर शिक्का माझा लागणार. मग माल तपासायला नको? तपासायची रीत तुमचीच. बहिरूला तुम्हीच शिकवलीत." तिनं बहिरूच्या डब्याच्या तारा बादलीत सोडल्या. "पिन तुम्ही लावा. सरळ की उलटी, तुमच्या मर्जीनं. मग बाही वर करा आणि हात घाला. काही झालं नाही तर मी आत्ता खुर्चीवर बसते."

शेखरशेठ बादलीपासून मागं सरला.

"तमाशा करता का, खाला?"

"तमाशा बहिरू करतो, गिऱ्हाइकासमोर. मी तपासणी करतेय."

"सरळ लावली तर काही होत नाही. मॅडम, सांगा यांना."

"सरळ लावली तर होत नाही, सर," तेजस्विनी मॅडम म्हणाल्या. "पण ही दोन दांड्यांची पिन आहे, कशीही बसते. सरळ कुठली हे पिनेलाही माहीत नाही." मग त्यांनी सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. स्वतः रबराच्या चटईवर उभ्या राहिल्या, पिन लावली आणि टेस्टरचं टोक पाण्याला टेकवलं. काही नाही. पिन काढून फिरवून लावली. टेस्टर पेटला. पाण्याला टेकवलेला टेस्टर, आणि त्यातला लाल ठिपका लख्ख. मग पिन काढून जैतुनबीचा डबा जोडला. पिन अशी लावली, तशी लावली. टेस्टर विझलेलाच.

मग जैतुनबीनं बांगड्या मागं सारल्या आणि त्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. डबा चालू होता. तारा मुठीत धरल्या. शेठकडं बघत राहिली.

"हा माझा," ती म्हणाली. "आता तुमचा जोडा."

शेखरशेठचा हात बाहीकडं गेला नाही. शेठ लालबुंद झाला. चारचौघांत असं कोणी करावं हे त्याला सहन झालं नाही, आणि ते मला समजतं. कारखाना त्याचा, कर्ज त्याचं, ऑर्डर त्याची गेलेली.

"कारखाना मी चालवतो," तो म्हणाला. "वाइंडिंग आजपासून बंद. बोर्डावर यायचं असेल तर या. नसेल तर हिशोब घ्या."

"हिशोब मी मागितला नाही," जैतुनबी म्हणाली. "मी वाइंडिंगला लागले, वाइंडिंगच करणार. काढायचं असेल तर लिहून द्या. मी सोडून जाणार नाही."

त्यानं तांब्याची रिळं कपाटात घातली आणि कुलूप लावलं.

पुढचे दिवस मी बघितले. ती रोज तशीच यायची, पायी, बोटं गरम करत. यंत्र पुसायची. तेल घालायची. तार गुंडाळायचं बॉबिन यंत्रावर चढवायची, रिकामं. आणि बसायची. गप्पा मारायची नाही, डुलकी घ्यायची नाही, भिंतीला टेकायची नाही. पाठ ताठ. जेवणाच्या सुट्टीत जेवायची, भोंगा झाला की परत जागेवर. काम करणं सोपं असतं. कामाच्या जागेवर कामाशिवाय ताठ बसणं मला तरी जमलं नसतं. मला पत्र्या उरलेल्या मालाच्या होत्या, मी त्या हळूहळू भरत होतो. हळू काम करायची मला आयुष्यात तीच एक वेळ आली.

बाकीच्या बाया बोर्डावर गेल्या. तिथं पाण्याच्या डब्यांचे आणि बॅटरीवरच्या मालाचे, असे दोन्ही बोर्ड भरायचे होते. कुसाबाई रडत गेली.

"रडतेस कशाला?" जैतुनबी तिला म्हणाली. "तुझ्या घरी खाणारे आहेत. जा. बॅटरीचे बोर्ड मन लावून कर, त्यात काही वाईट नाही. पाण्याचा आला तर हात लावू नको."

"न लावून कसं चालंल, बाई?"

"मग लाव. पण आपला पिवळा धागा ठेव आत. ठेववतो का बघ."

कुसाबाई गेली. आणि पाण्याच्या डब्याचा पहिला बोर्ड तिच्यापुढं आला तेव्हा ती उठली. शेठला म्हणाली, मला झाडायला लावा, हे नको. तेजस्विनी मॅडमनीही पाण्याच्या मालावर सही केली नाही. शेठ त्यांच्यावर ओरडला ते बाहेरपर्यंत ऐकू आलं. मॅडमचं बोलणं ऐकू आलं नाही, पण सही झाली नाही एवढं खरं. शेवटी शेठनं स्वतः सही केली आणि माल बाजारात धाडला.

तो परत आला.

जळून नव्हे. कोणी बसवायलाच घेतला नाही. बहिरू गप्प बसणारा माणूस नव्हता. प्लास्टरचा हात घेऊन तो घोटीच्या बाजारात प्रत्येक इलेक्ट्रिकच्या दुकानी चहा पिऊन आला होता. आता वायरमन दुकानात येत, डबा उघडायला लावत, ट्रान्सफॉर्मर आहे का बघत, कागदाची कड उचकटून धागा शोधत. हात घालून दाखवल्याशिवाय त्यांचा डबा विकला जात नव्हता आणि या डब्यासाठी हात घालायला कोणी तयार नव्हतं. लाल स्टिकर तर उलटंच अंगाशी आलं. गिऱ्हाईक विचारायचं, यावर धोका कशाला लिहिलाय?

एका दुपारी शेखरशेठ कपाटाशी आला, कुलूप काढलं, एक रीळ उचललं आणि जैतुनबीच्या टेबलावर ठेवलं. जरा जोरातच ठेवलं.

"करा," तो म्हणाला.

"पाण्याच्या सगळ्यांना?"

"सगळ्यांना. बोर्ड सोलरच्या कंदिलाला लावतो. तिथं बॅटरी आहे, बंद डबा आहे, पाणी नाही. चालेल तुम्हाला?"

"तिथं तर चांगलाच आहे," ती म्हणाली. "तिथं माझा चालणारही नाही."

त्या दिवशी तिनं सुट्टी होईपर्यंत पेडल थांबवलं नाही. बसून बसून बोटं आखडली होती. पहिली तार तुटली. तिनं ते बॉबिन बाजूला टाकलं आणि नवीन घेतलं. जोड देऊन चाललं असतं. तिनं दिला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर शेठ हरला आणि ती जिंकली असं म्हणता आलं असतं. तसं झालं नाही. वाइंडिंग चालू राहिलं, पण शेठच्या मनातला काटा गेला नाही. वर्षाच्या आत त्यानं ठरवलं की ट्रान्सफॉर्मर बाहेरून घ्यायचे. कारखान्यात वाइंडिंग ठेवायचंच नाही. या वेळी त्यानं लिहून दिलं, कायद्यानं जे निघत होतं ते सगळं दिलं, एक पैसा मागं ठेवला नाही. मीही त्याच महिन्यात घरी बसलो. पत्र्या भरायला काही उरलं नव्हतं.

निरोपाला शेठनं नारळ दिला. जैतुनबीनं तो घेतला आणि विचारलं, "बाहेरून म्हणजे कोणाकडून घेणार?"

"बघू. बरेच आहेत."

"धागा कोणाचा असणार?"

शेठनं दुसरा नारळ उचलून माझ्या हातात दिला.

वसीमला वाटत होतं आता ती आराम करेल, पैसे बँकेत ठेवतील, व्याज येईल. तो मला म्हणाला, "भाऊ, मी हिला म्हटलं, मनगटाला आराम दे. ही म्हणते, मनगट माझं आहे, शेठचं नव्हतं."

तिनं वडाळा रोडला पंक्चरच्या दुकानाशेजारचा एक गाळा घेतला. रंगाऱ्यानं पाटीवर वसीमचं नाव लिहायला घेतलं होतं, सगळे तसंच लिहितात म्हणून. तिनं ब्रश थांबवला, ते पुसायला लावलं आणि आपलं लिहून घेतलं. कुसाबाई तिच्याकडं कामाला आली. पहिल्या महिन्यात बहिरूनं घोटीच्या वायरमनची ऑर्डर आणली, लहानशीच. नंतर तेजस्विनी मॅडम आल्या, नमुने घेऊन गेल्या, तपासले, सही केली. आता शेठचा टेम्पोही येतो. सगळा माल तो तिच्याकडून घेत नाही, निम्मा दुसरीकडून स्वस्तात घेतो. पाण्याच्या टाकीचा मात्र हिच्याकडूनच.

परवा मी तिथं बसलो होतो. वेटोळी वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकायला ठेवली होती. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

"खाला, शेठचा फोन आलाय. लवकर द्या म्हणतात."

"आतून ओली आहेत."

"वरून सुकलीत की."

"वरून तर तूही शहाणा दिसतोस. बस तिथं. चहा पी."

वसीम आत डोकावला. "अगं, शेठचा माणूस ताटकळलाय."

"ताटकळू दे."

कारखान्यातली भट्टी शेठच्या घाईनं उघडायची, माल अर्धाकच्चा निघायचा, आणि तिला ते कधी पटलं नाही. म्हणून गाळ्याचं डिपॉझिट भरून जे उरलं, त्यात तिनं दुसरं काही घेतलं नाही, ना दागिना, ना फ्रीज. तिच्या सगळ्या वर्षांच्या मजुरीतून शेवटी हेच आलं: एक शटर आणि एक भट्टी, जिचं दार तिच्याशिवाय कोणी उघडत नाही.